मुठीची पट्टी परत परत सुटतेय? इपॉक्सी बदलायच्या आधी हे बघून घ्या

हाताने सुऱ्या-चाकू बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे येतंच. पातं मस्त झालेलं असतं, मुठीला निवडून घेतलेलं लाकूड, लाकूड आणि पोलादाच्या मधे लाल लायनर (पातळ रंगीत थर), पट्ट्या धरून ठेवणाऱ्या नक्षीदार मोझेक पिना, पाठीवर कानशीने काढलेली वेल, द्यायच्या आधी आपणच दहा वेळा हातात घेऊन बघतो. आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी फोटो येतो. मुठीच्या पुढच्या टोकाला, जिथे लाकूड संपून पातं सुरू होतं तिथे, केसाएवढी काळी रेघ. आपण दुरुस्त करून देतो, परत दोन महिन्यांनी तीच रेघ, तिथेच.

मी ह्याचं खापर बरीच वर्षं इपॉक्सीवर, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून करायच्या गोंदावर, फोडलं. तीन प्रकार बदलून झाले, जाड सोडून पातळ घेतला, पातळ सोडून परत जाड, आणि फट आपली जिथल्या तिथे. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. मग सुटलेल्या मुठी फेकून न देता उघडून बघायला लागलो तेव्हा कळलं की डब्यातला इपॉक्सी क्वचितच दोषी असतो, तो आपण कशावर लावला, कुठल्या लाकडाखाली लावला आणि नंतर किती तापवला ह्यातच बहुतेक वेळा घोळ असतो. म्हणून खाली फुकटच्या आणि पाच मिनिटांच्या तपासण्या आधी दिल्यात, मूठ उघडायची कटकट सगळ्यात शेवटी.

हे सगळं फुल टँगबद्दल आहे, म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं (मुठीतला हा पोलादाचा भाग म्हणजे टँग) आणि दोन्ही बाजूंनी पट्ट्या बसवलेल्या. आणि कुठलीही तपासणी करायच्या आधी पात्याला पुठ्ठा लावून टेप गुंडाळा. मूठ तपासताना आपलं सगळं लक्ष मुठीवर असतं आणि हात नेमका तेव्हाच कापतो, मला दोन टाके पडलेत म्हणून सांगतोय.

आधी लक्षणं

फट म्हटली तरी सगळ्या फटी सारख्या नसतात. कुठे पडलीय, कधी दिसते, हाताला कशी लागते, ह्यावरून अर्धं निदान बसल्या जागी होतं.

फक्त पुढच्या टोकाला रेघ, बाकी मूठ घट्ट: बहुतेक वेळा पाणी आत जातंय नाहीतर ते टोक मुळात टेकलंच नव्हतं. दोन्ही टोकं उचललेली आणि मधे पिनेपाशी घट्ट: लाकूड वाकलंय. उलट, टोकं घट्ट पण मधल्या भागात टिचकी मारली की बद्द आवाज: टँग मधे खोल आहे किंवा पट्टी मधे फुगीर. पिनेच्या भोवती गोल काळी कडी: भोक मोठं झालंय किंवा पॉलिश करताना पिन तापली. फटीतून तपकिरी पाणी किंवा डाग: आत गंज आहे, आणि तो वाढतोय. मूठ घट्ट दाबली की बारीक कुरकुर ऐकू येते: पट्टी पूर्ण सुटलीय, फक्त पिनांनी धरून ठेवलीय, ती सुरी वापरणं बंद करा.

अजून एक लक्षण आहे जे लोक चुकून ह्यात धरतात. मुठीच्या कडेवरून बोट फिरवलं तर पोलाद लाकडाच्या वर आलेलं लागतं, सगळीकडे सारखं, पिनांची डोकी पण वर आलेली, पण फट कुठेच नाही. हे सुटणं नाहीच. लाकूड वाळून आकसलंय एवढंच. बारीक पॉलिश पेपरने परत एका पातळीत आणा, तेल लावा, विषय संपला. ह्याच्यासाठी मूठ उघडलेले लोक मी बघितलेत, वाईट वाटतं.

नख, स्पिरिट आणि पेन्सिल

पहिली तपासणी फुकट आहे. नख पोलादावरून लाकडाकडे आणि लाकडावरून पोलादाकडे, दोन्ही दिशांनी ओढा. एकाच दिशेला अडकलं तर ती पायरी आहे, दोन्हीकडून अडकलं तर फट.

मग कापसाचा बोळा स्पिरिटमधे बुडवून पूर्ण जोडावरून फिरवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून टाका. जिथे जोड पक्का आहे तिथे काही सेकंदात कोरडं होतं. जिथे फट आहे तिथे स्पिरिट आत शिरलेलं असतं आणि ते हळूहळू बाहेर येत राहतं, म्हणजे बाकी सगळं वाळल्यावर तेवढीच ओली गडद रेघ उरते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा. डोळ्याला पाच मिलिमीटर दिसणारी फट स्पिरिटने चार सेंटिमीटर निघाली असं बरेचदा होतं, आणि आपण कायम त्या पाच मिलिमीटरवरच इलाज करत असतो. फक्त मुठीला शेलॅकचं पॉलिश असेल तर हे करू नका, स्पिरिटने ते विरघळतं.

मग लाकडी काडीने, पेन्सिलच्या मागच्या टोकाने पण चालेल, पट्टीवर टकटक करत पुढून मागे या. भरीव जागी आवाज खणखणीत येतो, पोकळ जागी बद्द. कानाला सवय व्हायला दोन-तीन सुऱ्या लागतात, नंतर आपोआप कळतं.

खुणेच्या आत रेघ एक सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, आवाज भरीव असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर फट उघडझाप करत नसेल, तर अगदी पातळ सुपरग्लूचा एक थेंब कडेला सोडा, तो आपोआप आत ओढला जातो, वाळल्यावर घासून टाका. पण सुपरग्लू ठिसूळ असतो, आपटलं की तडकतो, त्यामुळे हा इलाज फक्त दिसण्यापुरता. फट हलत असेल तर सुपरग्लू अजिबात भरू नका, कारण उद्या मूठ उघडून इपॉक्सी भरायची वेळ आली तर तो आतला सुपरग्लू आधी खरवडून काढावा लागतो, आणि ते काम फार चिडचिडीचं आहे.

वापरणाऱ्याला विचारा, आडून विचारा

सुरी सिंकमधे भिजत पडते का? डिशवॉशरमधे जाते का? सरळ विचारलं तर सगळे नाही म्हणतात. म्हणून मी विचारतो, धुतल्यावर कुठे ठेवता? उत्तरात सगळं येतं.

हे विचारायला लाज वाटते पण गरजेचं आहे, कारण डिशवॉशर म्हणजे गरम पाणी, तिखट डिटर्जंट आणि वर वाळवायची गरम हवा, तिन्ही एकत्र. लाकूड फुगतं, मग झपकन सुकतं. पोलाद बिचारं आहे तिथेच राहतं आणि मधल्या इपॉक्सीला दोघांची ओढाताण सहन करावी लागते. तुम्ही कितीही सुंदर जोड केला तरी ह्या वापरापुढे तो टिकणार नाही. अशा माणसाला लाकडाऐवजी जी-१० किंवा मिकार्टाची मूठ द्या. जी-१० म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड आणि इपॉक्सी, मिकार्टा म्हणजे कापड किंवा कागद आणि फेनॉलिक रेझिन, दोन्ही पाण्याने लाकडासारखं फुगत नाहीत. (घासताना मास्क लावाच, साधा कापडी नव्हे, चांगला कार्ट्रिजवाला. ही धूळ फुफ्फुसात गेलेली बाहेर येत नाही.)

उरलेला कप ठेवला होता का?

इपॉक्सी मिसळलेला कप आपण कचऱ्यात टाकतो. तो ठेवायचा, त्यावर तारीख आणि सुरीचं नाव लिहून. दुसऱ्या दिवशी त्यातल्या इपॉक्सीत नख दाबून बघा. नखाची खूण राहिली, किंवा रबरासारखं वाटलं, तर मिश्रण चुकलंय, आणि तेच मिश्रण मुठीत पण आहे. ग्लूवर शंका घ्यायची तर ही एकच रास्त वेळ.

प्रमाण चुकायचं नेहमीचं कारण असं की डब्यावर घनफळाचं प्रमाण लिहिलेलं असतं आणि आपण वजनाने मोजतो, किंवा उलट. रेझिन आणि हार्डनरची घनता वेगळी असते त्यामुळे घनफळाने एकास एक म्हणजे वजनाने एकास एक नव्हे. दुसरं, एका सुरीला लागतो इतकुसा इपॉक्सी, आणि इतक्या थोड्या मालात अर्ध्या ग्रॅमची चूक पण मोठी पडते. मी आता मुद्दाम जास्त मिसळतो, उरलेला वाया गेला तर गेला. पूर्ण दोन मिनिटं हलवायचा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. आणि खोली साधारण १५ डिग्रीच्या खाली असेल तर बरेचसे इपॉक्सी रडतखडत वाळतात.

पाच मिनिटांत जमणारा इपॉक्सी मुठीला वापरू नका. पिना बसवेपर्यंत तो दाट व्हायला लागतो, त्यात तो पाण्याला कमी टिकतो. २४ तासांचा घ्या आणि २४ तासांनी पण तो पूर्ण पक्का नसतो, डब्यावर बघा, पूर्ण ताकद यायला बऱ्याचदा आठवडा लिहिलेला असतो.

लाकूड वाळलंय का, आणि तेलकट आहे का

हे तपासायला छोटा डिजिटल काटा पुरतो. पट्ट्यांचं वजन करून त्यांच्यावरच लिहून ठेवा, आठवड्याने परत करा. वजन उतरत असेल तर लाकूड अजून वाळतंय, थांबा. दोन-तीन आठवडे वजन हललं नाही तर तुमच्या खोलीच्या हवेशी त्याचं जमलं. ओलावा मोजायचं मीटर असेल तर ८ ते १२ टक्क्यांच्या मधे मला बरं वाटतं.

का एवढं महत्त्वाचं? लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण आडव्या दिशेला बऱ्यापैकी हलतं, आणि त्यातही वाढीच्या कड्यांना समांतर दिशेला साधारण दुप्पट. म्हणून पट्टी कशी चिरली गेलीय त्यावर ती वाकणार की नुसती अरुंद होणार हे ठरतं. गाठीचं किंवा नक्षीदार रेषांचं लाकूड, जे आपल्याला सगळ्यात जास्त आवडतं, ते सगळ्या दिशांना मनमानी करतं, त्याला रेझिन पाजून स्टॅबिलाइझ करून घेतलेलंच वापरा. शिंग पण असंच, दमट हवेत एक आणि कोरड्या हवेत दुसरं.

शिसम, सागवान, कोकोबोलो ही तेलकट लाकडं. ह्यांना चिकटवायच्या अगदी आधी ताजा पॉलिश पेपर मारून ॲसिटोनने पुसा, फडक्यावर रंग यायचा कमी होईपर्यंत, आणि ॲसिटोन उडाला की लगेच इपॉक्सी. आदल्या रात्री पुसून ठेवलं तर सकाळपर्यंत आतलं तेल परत वर येतं. मी हे बरेच दिवस आदल्या रात्रीच करायचो, म्हणजे न केल्यासारखंच.

टँगवर तेल कुठून आलं?

सजावटीच्या सुऱ्यांमधे हा प्रकार जास्त होतो, कारण कामाचे टप्पे जास्त. समजा डमास्कसचं, म्हणजे वेगवेगळ्या पोलादांचे थर एकत्र ठोकून केलेलं, पातं आहे. आपण फेरिक क्लोराइडमधे (पोलाद कोरणारं ॲसिडी द्रावण) बुडवून नक्षी उठवतो, सोड्याच्या पाण्याने धुतो, आणि गंजू नये म्हणून लगेच तेल चोळतो. कुठे? सगळीकडे. टँगवर पण, पिनांच्या भोकात पण. मग चार दिवसांनी पट्ट्या चिकटवतो आणि टँग एकदाच पुसतो, भोकं तशीच. क्लॅम्प लावल्यावर भोकातलं तेल जोडात येतं.

आणि ॲसिड नीट धुतलं गेलं नसेल तर अजून वाईट. भोकात राहिलेला क्लोराइड आतल्या आत गंज चालू ठेवतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो पाचर मारल्यासारखा पट्टी आतून ढकलतो. फटीतून तपकिरी डाग येतो तो हाच. त्यामुळे सोड्याचं पाणी, मग गरम पाणी, भोकांमधून ब्रश किंवा पाइप क्लीनर, आणि तेल फक्त पात्याला.

टँग स्वच्छ आहे की नाही हे बघायची सोपी पद्धत म्हणजे त्यावर स्वच्छ पाणी सोडा. पाणी सलग पसरलं तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर अजून तेल, मेण किंवा टेपचा चिकटपणा आहे. हो, टेपचा पण, पातं झाकायला लावलेली टेप टँगवर गेलेली असते आणि तिचा गोंद डोळ्याला दिसत नाही. बफिंगचं कंपाउंड हे अजून एक, त्यात मेण असतं. पास झाल्यावर लगेच कोरडं करा, ६० किंवा ८० नंबरचा पेपर तिरक्या रेघांनी मारा, ॲसिटोन, आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. चकचकीत टँगला इपॉक्सी धरत नाही.

सपाटी, आणि ती वेलाची सुरी

माझ्याकडे एक सुरी तीनदा परत आली. पाठीवर पूर्ण लांबीभर वेल काढलेली, पात्यापासून मुठीच्या शेवटापर्यंत, एकाआड एक गोल कानशीने खाचा आणि मधे त्रिकोणी कानशीचे काटे. दिसायला माझ्या तोवरच्या कामातली सगळ्यात देखणी. लाकूड वाळलेलं, टँग स्वच्छ, इपॉक्सीचा कप दगडासारखा. तरी दर वेळी पाठीच्या बाजूने, पूर्ण लांबीभर, बारीक फट.

तिसऱ्यांदा उघडली तेव्हा इपॉक्सीचा थर बघितला. पोटाच्या बाजूला पातळ, पाठीच्या बाजूला जाड. आणि पाठीच्या कडेला इपॉक्सीचा वरचा भाग काचेसारखा गुळगुळीत, चकाकणारा. म्हणजे तिथे लाकूड त्याला कधी टेकलंच नव्हतं. टँगवर अंगठा आडवा फिरवला आणि चरचर लागलं. कानशीने खाच पाडताना धातू कडेला ढकलला जातो आणि एक बारीक उभी किनार तयार होते, तिला बर म्हणतात. प्रत्येक खाचेला एक, म्हणजे पूर्ण पाठभर बारक्या काट्यांची रांग. पट्टी त्या काट्यांवर टेकून बसली होती, मी क्लॅम्पने दाबून खाली आणायचो, क्लॅम्प काढला की लाकूड परत वर यायला बघायचं. तीन वेळा मी ग्लूला शिव्या दिल्या आणि दोष माझ्याच वेलाचा होता.

तेव्हापासून नक्षी आधी, सपाटी नंतर. जाड काचेवर ८०चा पॉलिश पेपर चिकटवा, टँगवर मार्करने आडव्या रेघोट्या मारा, पेपरवर आठ-दहा वेळा सरळ ओढा. रेघा सगळीकडून सारख्या गेल्या तर सपाट. फक्त कडेच्या गेल्या तर मधे खळगा, फक्त मधल्या गेल्या तर फुगीर. मधे अगदी हलका खळगा चालतो, उलट बराच, इपॉक्सीला राहायला जागा मिळते, कडा मात्र टेकल्याच पाहिजेत. फुगीर अजिबात नको. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला पण हेच करा. पिनांच्या भोकांना दोन्हीकडून मोठ्या ड्रिल बिटने हाताने दोन वेढे द्या, तिथे पण बर असते.

मग कोरडी पट्टी टँगवर ठेवून, क्लॅम्प न लावता, नुसती बोटाने धरून उजेडाकडे बघा. उजेड आरपार दिसला तर इपॉक्सी काढूच नका. क्लॅम्पने दाबून फट गेली म्हणजे फट गेली नाही, ती उधारीवर बंद केलीय.

क्लॅम्पबद्दल एवढंच: कडेने इपॉक्सी सगळीकडून बाहेर आला की पुरे, त्यापुढे आवळू नका. जास्त आवळलं की सगळा इपॉक्सी बाहेर निघून जोड उपाशी राहतो. बाहेर आलेला पुसताना पण ॲसिटोनने थबथबलेला बोळा नको, ते जोडात शिरून इपॉक्सी पातळ करतं.

पिन तापतेय का

जोडताना सगळं नीट केलं आणि मग बेल्ट ग्राइंडरवर दोन मिनिटांत घालवलं, हे पण होतं. खोलीच्या तापमानाला जमणारे इपॉक्सी साधारण ५०-६० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतात. पितळ आणि तांबं उष्णता पटकन वाहून नेतात, त्यामुळे पिनेचं डोकं बेल्टवर घासलं की ती उष्णता थेट जोडाच्या पोटात जाते. लाकूड बाहेरून गार लागतं आणि आत पिनेभोवती इपॉक्सी सुटलेला असतो.

तपासणी सोपी. ताजा बेल्ट, कमी स्पीड, उघड्या हाताने काम, आणि प्रत्येक फेरीनंतर पिनेला बोट. चटका बसला तर उशीर झालाय, कोमट लागली की थांबा. झिजलेला बेल्ट कापत नाही, नुसता तापवतो. पिना आधी करवतीने पट्टीजवळ कापून घ्या म्हणजे घासायला कमी उरतं.

मोझेक पिनेचं थोडं वेगळं. ती म्हणजे बाहेर नळी, आत बारीक सळ्या-नळ्या आणि मधे रेझिन, त्यामुळे तिला ठोकून डोकं पसरवता येत नाही. म्हणजे ती बाहेरच्या दिशेला पट्टी धरत नाही, तिचं सगळं इपॉक्सीवर चाललेलं असतं. मुठीत फक्त मोझेक पिना असतील तर पुढच्या टोकाजवळ एखादी ठोकलेली साधी पिन किंवा कॉर्बी बोल्ट (दोन्हीकडून स्क्रूसारखा आवळायचा) घाला, दोन्ही पट्ट्यांना खरोखर आवळून धरणारं काहीतरी. टँगमधे दोन-चार जास्तीची भोकं पाडून ठेवली (पातं कडक करायच्या आधी) तर दोन्हीकडचा इपॉक्सी त्यातून एकमेकांना भेटतो, ते पण पिनेसारखंच काम करतं. पिन गुळगुळीत असेल तर तिलाही पेपर मारा.

लायनर

लायनर कुठला आहे ते आठवा. व्हल्कनाइझ्ड फायबर असेल तर तो मुळात कापसाच्या तंतूंचा दाबलेला कागद आहे, पाणी पितो आणि फुगतो, मग कडेला लाटा दिसतात. दिखाऊ सुरीला ठीक, रोज धुवायच्या सुरीला जी-१०चा लायनर.

अजून एक गंमत. लायनर आधी पट्टीला चिकटवून दुसऱ्या दिवशी टँगला चिकटवणारे खूप आहेत, मी पण. दमट किंवा गार हवेत काही इपॉक्सींवर वाळताना मेणचट पापुद्रा येतो. त्यावर सरळ दुसरा थर दिला तर तो पापुद्र्याला चिकटतो, लायनरला नाही. कोमट पाण्याने धुवा, वाळवा, पेपर मारा, मग पुढे जा.

उघडायचीच असेल तर

वरचं सगळं करून समाधान नाही, किंवा फट हलतेय, तर उघडा. पातं ओल्या फडक्यात गुंडाळून शिकंज्यात धरा, पिना मधोमध पंच करून ड्रिलने काढा, मग हीट गनने मूठ हळूहळू गरम करत पातळ लाकडी पाचर फटीत सरकवा. घाई नाही, खिडक्या उघड्या. इपॉक्सी मऊ पडायला १०० डिग्री पण खूप होतात, आणि कार्बन स्टीलचं पातं बरेचदा १८० ते २२० डिग्रीला टेंपर केलेलं (कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला परत तापवलेलं) असतं, म्हणजे मधे अंतर आहे पण हीट गन ते अंतर बघता बघता ओलांडते. पोलादावर पिवळसर रंग चढताना दिसला तर लगेच बंद.

पट्टी निघाली की पुसू नका. हीच खरी साक्ष. इपॉक्सी सगळा लाकडाकडे आणि पोलाद कोरं: टँग तेलकट किंवा गुळगुळीत होतं. सगळा पोलादाकडे आणि लाकूड कोरं: लाकूड तेलकट. दोन्हीकडे थोडा थोडा, मधूनच फाटलेला: मिश्रण चुकलं किंवा तापला. दोन्हीकडे जवळजवळ काहीच नाही: क्लॅम्प जास्त आवळला. काचेसारखी चकाकी: तिथे टेकलंच नव्हतं. आणि इपॉक्सीला लाकडाचे तंतू उपटून चिकटलेले दिसले तर जोड उत्तम होता, लाकूडच हललं. फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडतो.

इथे थांबा

टँगला पिनेच्या भोकापासून निघालेली तडा दिसली तर ती सुरी संपली असं समजा, वेल्डिंग करून परत देऊ नका, वापरताना मोडली तर हात जातो. तडाच आहे की ओरखडा ही शंका असेल तर एखाद्या अनुभवी लोहाराला किंवा पोलाद तपासणाऱ्याला दाखवा.

टँग वाकडी असेल आणि पातं कडक झालेलं असेल तर शिकंज्यात धरून सरळ करायचा मोह होतो. नका करू, कडक पोलाद वाकत नाही, तुटतं, आणि तुकडा उडतो. हीट ट्रीटमेंट करणाऱ्याकडे द्या. उघडताना पात्यावर निळा रंग चढला असेल तरी तिकडेच, कारण तिथला कडकपणा गेलेला आहे आणि धार आता टिकणार नाही.

बोल्स्टर (मुठीच्या पुढच्या टोकाचा धातूचा तुकडा) झाळून लावलेला आहे आणि तोच हलतोय, चांदीचं जडावकाम आहे, मीनाकाम आहे: सोनार किंवा ते काम करणारा कारागीर. परत झाळायला लागणारी उष्णता आपल्या हातात राहत नाही. आणि सुरी जुनी, वारशाने आलेली, मूठ हस्तिदंताची वाटत असेल तर हीट गन, ॲसिटोन काहीच लावू नका. जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा, शिवाय हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बहुतेक ठिकाणी कायद्याची बंधनं असतात.

आणि एक जे कोणी सांगत नाही. इपॉक्सीचं काम केल्यावर बोटांमधे, मनगटावर, पापण्यांवर खाज किंवा पुरळ यायला लागली तर हातमोजे घालून रेटू नका. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही आणि प्रत्येक वेळी थोडक्यात भागेल असंही नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि तोवर चिकटवायचं काम दुसऱ्या कोणाला द्या.

ती वेलाची सुरी चौथ्यांदा परत आलेली नाही. पण मधे त्याच माणसाने दुसरी सुरी पाठवली, माझी नव्हे, दुसऱ्या कोणीतरी केलेली, पाठीवर वेल आणि पाठीच्याच बाजूने पूर्ण लांबीभर बारीक फट. पार्सल उघडल्यावर पहिला अंगठा टँगच्या कडेवरूनच फिरवला.